खंय ठेवूचा ता सांगा

माडावरून पडून कमरेखालचं अंग गेलं, त्यानंतरची बरीच वर्षं मी घरातल्यांच्या हातांवर काढली. आचऱ्यासारख्या गावात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. आई न्हाऊ घाली, भाऊ उचलून पडवीत आणून ठेवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून वहिनी रात्री उठून कूस बदलून देई. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर संपायचे नाहीत. पण कधी उठायचं, कधी न्हायचं, पडवीत किती वेळ बसायचं, यातलं मी काहीच ठरवत नव्हतो. ठरवावं असं मनातही येत नव्हतं. भावाला मालवणच्या बाजारात जायचं असलं की माझी सकाळ लवकर उजाडे.

आई थकली तेव्हा रापणीवर जाणारा एक गडी आमच्याकडे येऊ लागला. जून-जुलैत मासेमारी बंद, हाताला काम नाही, म्हणून आला. आजारी माणसाचं काही केल्याचा अनुभव शून्य. पहिल्या दिवशी माझ्या बगलेत हात घातले आणि थांबला.

"उचलतंय मी, पण खंय ठेवूचा ता तुमी सांगा."

मी सवयीने आईकडे पाहिलं. तो तसाच थांबून राहिला. शेवटी मीच म्हटलं, खिडकीपाशी. तेव्हापासून तो सगळंच विचारी: पाणी किती कढत, आधी पाय की आधी पाठ, बाहेर उन्हात की पडवीत. सुरुवातीला मला त्याचा वैताग येई. सांगायला स्वतःचं अंग ओळखीचं असावं लागतं, आणि ते मी कधीच परक्याचं करून टाकलं होतं. त्याच्या प्रश्नांनी ते हळूहळू परत माझ्या ताब्यात आलं. तारकर्लीच्या न्याहारी-निवासवाल्यांचे हिशेब लिहायचं काम मी धरलं ते त्यानंतर.

त्याच सुमारास नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हाती आलं. तरुणपणीच पाय गेलेल्या या बाईंना बाबूकाका दिवाणांनी उभारी दिली, आणि १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. त्यांची 'स्वप्ननगरी' तर आमच्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी. तिथे अपंग माणसं काजूवर प्रक्रिया करतात, कमावतात. माझ्या घरापासून इतक्या जवळ हे चाललेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मधल्या एका हंगामात आमचा गडी बोटीवर गेला, तेव्हा भावाने शहरातल्या एका ब्युरोकडून माणूस मागवला. करार भावाच्या नावाने, पैसे ब्युरोच्या खात्यात, आणि त्यातून त्या पोराच्या हातात किती पडत ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याला काय शिकवलंय, तो नको असला तर कुणाकडे बोलायचं, याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. मला काय लागतं हे तर कुणी विचारलंच नाही.

म्हणून कायदा वाचायला घेतला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. काळजी घेणाऱ्याच्या व्याख्येत घरचं माणूस आहे तसंच पगारी माणूसही आहे. पाचव्या कलमात समाजात राहण्यासाठी वैयक्तिक साहाय्य आहे, चोविसाव्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्ता, अडतिसाव्यात जास्त आधार लागणाऱ्याने स्वतः अर्ज करण्याची सोय. संस्थेला नोंदणी सक्तीची. पण ती कलमं लिहिताना डोळ्यासमोर संस्थेची इमारत होती असं मला वाटतं. माझ्या पडवीत येणारा माणूस आणि त्याला पाठवणारा ब्युरो त्यांत नीट बसत नाहीत. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने मदतीचे पैसे थेट अपंग माणसाच्या हाती देण्याची वाट खुली केली. इंग्लंडात अंगाची सेवा करणारा माणूस एजन्सीने पुरवला तर एजन्सीला नियामकाकडे नोंदणी लागते. स्वतः नेमला तर लागत नाही, आणि पगारपत्रक, करार, सुट्ट्या यांत अपंगांच्याच संस्था मदत करतात. आमच्याकडे निराधार योजनेचं अनुदान आहे. मदतनिसाच्या पगाराला ते पुरत नाही.

गडी परत आला तेव्हा मी कागद केला. मालक म्हणून माझी सही, पगाराची तारीख, कामाचे तास. ई-श्रमवर त्याची नोंद केली. एवढं करूनही आंगणेवाडीच्या जत्रेला तो चालला तेव्हा मी कुरकुरलोच. तो शांतपणे म्हणाला, "दादा, माझा काम आसा, उपकार न्हय." माझ्यावर कुणाचे उपकार नकोत म्हणून धडपडणाऱ्या मला, माझ्या हाताखालच्या माणसाकडून मात्र मी उपकारच मागत होतो हे तेव्हा दिसलं. जत्रेच्या त्या दोन दिवसांत माझं सगळं वहिनीने केलं. तिला त्याचे पैसे देऊ केले तर ती रागावली. ते गणित मला अजून सुटलेलं नाही.

आता तालुक्यातली काही घरं मदतनीस ठेवताना माझ्याकडे कागद लिहून घ्यायला येतात. घरच्यांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो. मी ज्याला ठेवायचंय त्यालाही आणि ज्याला लागतोय त्यालाही समोर बसवायला सांगतो. मजकूर झाला की आमचा गडी तो हातात घेतो, बोट फिरवत सावकाश वाचतो आणि विचारतो, "सुट्टी खंय लिवल्यात?"