सूर लावणे

तंबोरा लावणारा माणूस पाहत बसणे ही एक स्वतंत्र करमणूक आहे. गाण्याला अजून अवकाश असतो, श्रोते चुळबुळत असतात, आणि हा गृहस्थ आपला खुंटी पिळतो, मणी केसभर सरकवतो, मान कलती करून ऐकतो. जोडीच्या दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांच्या आवाजात हेलकावे उठतात. आधी जलद, मग सावकाश, मग इतके लांब की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. ते विरले की तारा जुळल्या. बिनतारी यंत्र लावणे याहून फारसे निराळे नाही, असे म्हटले तर गवई रागावतील आणि इंजिनिअर हसतील. पण मला ते तसेच वाटते खरे.

दिवसा मराठी शिकवणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा मास्तर या नादी कसा लागला, ही हकीकत लांबेल. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळतो, तसा मला मिळाला. यंत्र आहे मायक्रो-बिटेक्स. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी ते आखले आणि २०१७ साली हौशी मंडळींसाठी बाहेर काढले. जेवणाच्या डब्याएवढे यंत्र, शक्ती सुमारे १० वॅट. म्हणजे घरातल्या एखाद्या दिव्याइतकी. तेवढ्यावर माझा वाईतला आवाज सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आभाळात चढतो, वरच्या थरावरून परततो आणि कुडाळपर्यंत सहज पोचतो.

कुडाळला आबा असतात. तार खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी साडेसातला आम्ही पाचसात जण हवेत जमतो, त्यात त्यांचा आवाज पहिला. आवाज मोठा भरदार. ‘नमस्कार, मास्तर’ म्हटले की भिंतीवरचे कॅलेंडर हलावे असा. मागल्या पावसाळ्यात मला तो आवाज बदललेला वाटू लागला. पण त्या दिवसांत माझ्या यंत्रावर सगळ्यांचेच आवाज थोडे थोडे सरकलेले येत. तेव्हा बदल यंत्राचा की माणसाचा, हे ठरवायचे कसे? एका रविवारी दार लावून यंत्र लावायला बसलो.

आधी अर्धा तास ते नुसते चालू ठेवायचे. आतला स्फटिक गरम होताना किंचित हलतो. तो स्थिरावल्याखेरीज हात लावण्यात अर्थ नाही. हा २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक म्हणजे यंत्राचा षड्ज, बाकीचे सूर त्याच्यावरून काढलेले. तो दहा लाखांत दहाने चुकला तर ७ मेगाहर्ट्झवर ७० हर्ट्झचा फरक पडतो. ७० हर्ट्झ म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण माणसाचा आवाज ही स्वरांची शिडी असते: १००, २००, ३००. ग्रामोफोनची तबकडी वेगात फिरली तर शिडी सगळीच ताणली जाते, पायऱ्यांचे प्रमाण राहते. इथे प्रत्येक पायरीत ७० मिळवले जातात: १७०, २७०, ३७०. प्रमाणच मोडते. शब्द कळतात, पण बोलणारा परका वाटतो.

षड्ज जुळवायला बाहेरचा खात्रीचा सूर हवा. चीनमधले बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र १० मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिकटिकत असते. डायल बरोबर त्या आकड्यावर ठेवली तेव्हा शिट्टी ऐकू आली. तीच यंत्राची चूक. दुरुस्तीचा आकडा थोडा थोडा बदलत गेलो. शिट्टी उतरली, घुमू लागली, नुसती गुरगुर झाली. मग टिकटिकीवर हेलकावे आले, लांबले आणि थांबले. तंबोरा लागला!

दुसरे काम गाळणीचे. १२ मेगाहर्ट्झच्या आठ स्फटिकांची ही गाळणी दोन-अडीच हजार हर्ट्झची चिंचोळी फट मोकळी ठेवते. आवाजाला तेवढी पुरते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शे-सव्वाशे हर्ट्झचा. तो तर बहुधा बाहेरच राहतो, तरी वरच्या पायऱ्यांवरून कान खालची पायरी मनाने बांधतो आणि माणूस ओळखतो. कादंबरीकाराने हेवा करावा अशी ही काटकसर आहे! मात्र यंत्रातला वाहक-सूर या फटीच्या काठाशी नेमक्या अंतरावर बसवावा लागतो. दूर गेला तर आवाज पत्र्याचा होतो, फार आत आला तर घागरीत बोलल्यासारखा. रिकाम्या पट्ट्यावरची खरखर ऐकत, मोबाईलवर तिचा आलेख पाहत मी तो सरकवत राहिलो. खरखर ना कर्कश ना घुमणारी अशी झाली, तिथे थांबलो. पुन्हा एकदा बीपीएमशी ताडून पाहिले.

सोमवारी साडेसातला एकेक जण आला. पुण्याचे स्वच्छ, कोल्हापूरचे स्वच्छ, सोलापूरचे तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखे. मग आबा आले. आवाज घोगरा, कडा झिजलेला, वाक्याच्या शेवटी हवा निसटलेली. डायल जरा वर नेली, जरा खाली नेली. सूर चढला, उतरला, घोगरेपणा तसाच. आता यंत्राच्या माथी मारण्यासारखे काही उरले नव्हते.

हवेतले बोलणे दहा कानांचे असते. दुपारी मी फोन केला.

“आबा, घसा किती दिवसांचा आहे हा?”

थोडा वेळ काही आले नाही. मग म्हणाले, “यंत्र लावलंत वाटतं, मास्तर?”

“लावलं.”

“दोन महिने झाले. घरी म्हटलं, सर्दी आहे. त्यांना रोज ऐकून कळत नाही.”

तीन आठवड्यांवर रेंगाळलेला घोगरेपणा डॉक्टरला दाखवलाच पाहिजे, एवढे मला ठाऊक होते. ते म्हणालो. सुनेला फोन द्या, हेही म्हणालो. ते रागावले, पण फोन दिला.

स्वरतंतूवर गाठ निघाली. वाईट होती, पण लहान होती. गोव्याला किरणांचे उपचार झाले. दोन महिने साडेसातची पहिली जागा रिकामी राहिली; कुणी ती घेतली नाही.

आता आबा पुन्हा येतात. कॅलेंडर हलवणारा आवाज गेला तो गेला; उरला आहे तो वाळूवरून पाय ओढत चालल्यासारखा. परवा साताऱ्याचा एक नवा मुलगा आमच्यात आला. मोठ्या अदबीने म्हणाला, “आबा, आपला ऑडिओ जरा खरखरतोय. गाळणी एकदा तपासून पाहता का?”

“तपासली आहे बाळ,” आबा म्हणाले, “मास्तरांनी.”