कमी उष्णता, तरीही भेगा

निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूंचे वेल्ड कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं रोजचं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: लेझरनं उष्णता कमी जाते म्हणून भेगा टळतात, हे अर्धसत्य आहे. जेट इंजिनात सर्रास लागणारा इन्कोनेल ७१८ घ्या. लेझरचा जोड घासून, आम्लानं खोदून पाहिला की तो खिळ्यासारखा दिसतो; वर रुंद डोकं, खाली बारीक दांडा. भेग असलीच तर बहुधा डोकं दांड्याला मिळतं त्या कोपऱ्यात, आणि तीही वितळून गोठलेल्या धातूत नव्हे, त्याला लागून असलेल्या भागात. तिथल्या कणसीमांवर नायोबियम साचलेलं असतं. आजूबाजूचे कण घन असतानाच या सीमा वितळतात आणि जोड आकसताना उकलतात. सीमेवर काय साचलंय हे बरंचसं वेल्डआधीच्या उष्णोपचाराच्या भट्टीत ठरतं. लेझरला त्यात फारसा हात घालता येत नाही.

मग टिगच (टंगस्टन इलेक्ट्रोडचं आर्क वेल्डिंग) बरं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. टिगमध्ये धातू सावकाश गोठतो आणि नायोबियम वेगळं पडून ठिसूळ लाव्हेस फेजच्या जाड साखळ्या बनतात. लेझरमध्ये त्या बारीक आणि तुटक राहतात, पातळ पत्राही कमी वाकतो. पण ७१८ वेल्डला सोपा, याचं मोठं श्रेय त्याच्या रसायनाचं. त्याला बळ देणारे नायोबियमचे सूक्ष्म कण हळू तयार होतात, त्यामुळे नंतरच्या भट्टीत ताण आधी सैल होतो. टर्बाइनच्या पात्यांसाठीच्या इन्कोनेल ७३८ मध्ये ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम प्रत्येकी सुमारे ३.४ टक्के. तिथे बळ देणारे कण झटपट जमतात, आणि लेझर तोच, संरक्षक वायू आर्गॉन तोच असूनही धातू तडकतो.

यावर जोडात इन्कोनेल ६२५ ची मऊ तार भरा, असं सुचवलं जातं. जमतं, पण अशा जोडाची ताकद मूळ पात्यापेक्षा कमी, म्हणून तो ताण कमी असलेल्या जागीच चालतो. दुसरा उपाय पातंच ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून वेल्ड करण्याचा. तो लागूही पडतो. मात्र मग कमी उष्णतेचा दावा उरतो कुठे? तरीही लेझर मशीन घेताना चर्चा किलोवॅटचीच. जॉब आधी कोणत्या भट्टीतून, किती तापमानाला जाऊन आलाय, हे विचारणारा विरळाच.