माप आधीं, कातर मागाहून

शिंपी गिऱ्हाइकाचें माप घेतल्यावांचून कापडाला कातर लावीत नाहीं. महाविद्यालयांतील इंग्रजीचा अभ्यासक्रम मात्र विद्यार्थ्यानें दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच बेतून, शिवून तयार असतो. बसला नाहीं तर दोष अंगाचा!

ढाक्का येथील शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं बंगालमधील द्वैभाषिकत्वावर ग्रंथ लिहिला. त्यांतील एक कल्पना मला फार मोलाची वाटते. विम्याचे हप्ते मध्येंच थांबले तरी विमेदाराच्या हातीं कांहीं रक्कम पडते. तसें शिक्षण अर्ध्यावर सुटलें तरी जितकें झालें तितक्याचें फळ मिळालें पाहिजे. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याहून वाचण्याची गरज अधिक, म्हणून वाचन आधीं, असें त्यांचें म्हणणें.

हीच कसोटी आपल्या वर्गाला लावून पाहावी. मराठी शाळेंतून आलेली विज्ञानाची विद्यार्थिनी ‘क्लोरोफिल’ला अडत नाहीं, ती अडते ‘अझ्यूम’पाशीं, ‘व्हेअरॲज’पाशीं. पहिला शब्द तिच्या विषयाचा. हे दोन सर्वच विषयांचे, म्हणून तर ते कोणीच शिकवीत नाहीं. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं अशा ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. विद्याविषयक लेखनांतील सुमारें दहावा हिस्सा शब्द त्यांतले असतात.

माझे एक साहित्यप्रेमी स्नेही म्हणतात, “तुम्ही गरजेचा हिशेब मांडूं लागलांत, कीं महाविद्यालयाचें दुकान होईल.” भीति अगदींच खोटी नव्हे. पण गरज ठरवावयाची कोणीं? हचिन्सन व वॉटर्स यांनीं १९८७ सालीं तिचे तीन भाग पाडले: विषयाला लागतें तें, विद्यार्थ्याला उणें तें, आणि त्याला स्वतःला हवें तें. तिहींचा मेळ क्वचितच बसतो. ग्रंथालय वाचन मागतें, प्रयोगवही नेटकें लेखन मागते, आणि मुलगी म्हणते, “सर, मला चारचौघांत बोलावयास शिकवा.” ही तिसरी मागणी विचारल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून पहिल्या आठवड्यांत शिकवूं नये, विचारावें. तिच्याच विषयाचा एक उतारा द्यावा आणि जेथें अडेल तेथें रेघ मारावयास सांगावें. त्या रेघांवरून पुढचें वर्ष आंखावें. कारण विषय येत असूनहि गप्प बसणारी मुलगी हळूहळू आपल्याला विषयच येत नाहीं असें समजूं लागते. आणि हें नुकसान कोणत्याहि गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.