स्टोक्स यांनी वगळलेली लाट

१/ मालवणच्या चिवला किनाऱ्यावर लाट फुटताना पाहिली की मला १८४८ साल आठवते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. म्हणून माथा पायथ्याहून वेगाने धावतो, लाटेचे तोंड उभे होत जाते आणि अखेर ती कोसळते.

२/ त्या वर्षी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवले, की ध्वनीच्या समीकरणांतही तोंड असेच उभे होते. परंतु हवेत एकाच जागी दोन दाब संभवत नाहीत. म्हणून तेथे दाब एकदम उडी घेतो. हाच आघात तरंग.

३/ उडीपाशी ऊर्जा कमी भरते, असा आक्षेप केल्व्हिन आणि रॅले यांनी घेतला. स्टोक्स यांना तो पटला. १८८३ च्या लेखसंग्रहातून त्यांनी तो भाग वगळला.

४/ वस्तुतः ऊर्जा हरवली नव्हती. तिची उष्णता झाली होती. रँकिन (१८७०) आणि ह्यूगोन्यो (१८८७) यांच्या लेखनातून तो हिशेब जुळला.

५/ माझ्या प्रबंधातला एक अध्याय मीही असाच, वडीलधाऱ्यांच्या एका आक्षेपावरून, वगळला होता. आक्षेप खरा होता. त्याचे उत्तर मी शोधलेच नाही. परवा चिवल्याहून परतल्यावर ती जुनी वही पुन्हा उघडली आहे.