वीस बाटांचा खाऊ

बँकॉकहून परत आलेल्या माणसाकडून ऑफिसची फार मोठी अपेक्षा नसते, पण असते हे नक्की. खुर्चीत टेकायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय आणलंस गं?" अशा वेळी हत्तीची कीचेन पुढे केली, तर "अरे वा" होतं आणि ती ड्रॉवरमध्ये जाऊन निवृत्त होते. फ्रिजवरची मॅग्नेट्स, हत्तीछाप पाकिटं, पाठीवर काडी फिरवली की डरावणारे लाकडी बेडूक या वस्तू घेताना मला आजूबाजूला दिसतात ते सगळे पाहुणेच. खाऊचं तसं नाही. सेव्हन-इलेव्हनच्या फळीवरून मी वीस बाटांचं पाकीट उचलते, तेव्हा शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगीही तेच उचलत असते. भेट म्हणून न्यायचं तर असंच काहीतरी न्यावं, जे तिथली माणसं बस सुटायच्या आधी घाईघाईत घेतात.

थायलंडमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन 1989 मध्ये बँकॉकच्या पॅटपाँग रस्त्यावर उघडलं. आज ती देशभरात 14,000 हून जास्त आहेत, म्हणजे खाऊसाठी वाट वाकडी करावी लागतच नाही. पण डझनाच्या हिशेबात घ्यायचं असेल तर राचदामरी रस्त्यावरचं बिग सी. सेंट्रलवर्ल्डच्या समोरच. तिथल्या खाऊच्या गल्लीत अर्धं जग ढकलगाड्या घेऊन उभं असतं आणि त्यात मराठी हमखास ऐकू येतं. "अहो, अजून चार घ्या, सोसायटीतले राहिलेच की." नवऱ्याच्या चेहऱ्यावर सामानाचे किलो दिसत असतात.

यात ओशाळण्यासारखं काही नाही, कारण खाऊ नेण्याच्या बाबतीत थाई माणसं आपल्याही पुढे आहेत. गावाला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. फेत्चबुरीला गेलात तर ताडगूळ, अंडी आणि नारळाच्या दुधाचं भाजलेलं मो केंग आणायचं, वर तळलेला कांदा भुरभुरलेलं. बांगसेनच्या समुद्रावर गेलात तर नोंगमोनच्या बाजारातून बांबूच्या नळीत शिजवलेला गोड भात. फेत्चबूनहून गोड चिंच, आख्ख्या शेंगा खोक्यात भरून. साताऱ्याचे कंदी पेढे आणि लोणावळ्याची चिक्की ज्यांच्या हाडीमाशी आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. 2001 पासून तिथल्या सरकारनेही ‘एक तांबोन, एक उत्पादन’ अशी योजना चालवली आहे. तांबोन म्हणजे गावांचा छोटा गट. मूळ कल्पना जपानच्या ओइता प्रांतातली.

मुंबई-पुण्याच्या ऑफिसात सगळ्यात आधी संपतं ते समुद्री शेवाळ. ताओ के नोई हे त्यातलं मोठं नाव. कॉलेज सोडलेल्या, ऑनलाइन गेम खेळून पैसे कमावणाऱ्या, मग भाजलेले चेस्टनट विकून पाहिलेल्या एका पोराने 2004 मध्ये ते सुरू केलं, सेव्हन-इलेव्हनच्या फळीवर जागा मिळवली, आणि 2011 मध्ये त्याच्यावर सिनेमाही निघाला. शेवाळ येतं कोरियातून. थायलंडचं त्यात काय, तर तळणं आणि मसाला. पण आपल्या वडापावातला बटाटा तरी कुठला?

खरी कसोटी पाकिटाच्या मागच्या बाजूला असते. आपल्याला हिरव्या ठिपक्याची सवय. तो तिथे नाही, आणि जो हिरवा शिक्का दिसतो तो हलालचा. डुकराचं मांस नाही एवढी हमी त्यात आहे, पण कोळंबीला त्याची काही हरकत नाही. शेंगदाण्यावर कोळंबीचा मुलामा असू शकतो, मिरचीच्या चटणीत सुकट वाटलेली असते आणि साध्या दिसणाऱ्या शेवाळावर माकुळाच्या स्वादाची भुकटी. अशा वेळी शोधायचं ते पिवळ्यावर लाल रंगातलं एक छोटं अक्षर, ‘जे’. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस व्रत चालतं, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांवर याच अक्षराचे पिवळे झेंडे लागतात. ‘जे’मध्ये मांस-मासे-अंडी-दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या जैन मैत्रिणीचा प्रश्न एका चिनी व्रताने असा सोडवावा, याची मला अजून गंमत वाटते. बटाटा मात्र ‘जे’ला चालतो, तेव्हा तिच्यासाठी वेफर्स नकोत.

मासेखाऊ मित्रांसाठी वेगळा विचार करावा लागत नाही. बेंटो नावाची माकुळाची चपटी, तिखट-गोड पट्टी असते, छोट्याशा पाकिटात. सुके बोंबील भाजल्यावर घरभर जो वास सुटतो, त्याचा हा चुलतभाऊ. वातानुकूलित ऑफिसात फोडू नये. दिलाच तर संध्याकाळी, रेल्वे स्टेशनकडे चालताना द्यावा.

तारखेचंही एक आहे. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो, आपल्या इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे. त्यामुळे एखाद्या पाकिटावर 2569 पर्यंत टिकेल असं छापलेलं दिसलं, तर ते 2026 समजायचं. मी हे न सांगता एकदा पाकीट वाटलं. लेखा विभागातल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला.

काही गोष्टी मी मुद्दाम घेत नाही. ताजी मँगोस्टीन आणि रांबुतान कितीही मोहात पाडोत, विमानतळावरचे क्वारंटाइनचे नियम त्यांना ओळखत नाहीत. दुरियानला हॉटेलातही बंदी असते. त्याचे तळलेले काप मात्र कच्च्या फळाचे, वास जवळजवळ नसलेले आणि चवीला केळ्याच्या वेफर्सकडे झुकणारे. ते न्यावेत, जरा महाग पडले तरी. अंड्याच्या बलकाचे साखरेच्या पाकातले सोनेरी धागे, फॉय थोंग, तिथेच बसून खावेत. सतराव्या शतकात अयुत्थयाच्या दरबारात मारिया गुयोमार या पोर्तुगीज वंशाच्या बाईमुळे ते रुजले असं मानतात. प्रवासात त्यांचा लगदा होतो.

आणि आंबा. साखरेत घोळवून सुकवलेला, भडक केशरी आंबा सगळीकडे रचलेला असतो. त्याच्या शेजारी फणसाचे तळलेले गरे, पलीकडे आंब्याच्या पोळीच्या गुंडाळ्या. रत्नागिरीच्या माणसाला हे नेऊन देणं म्हणजे उगाच भांडण ओढवून घेणं. हापूसपुढे बाकी आंब्यांना तो मुळात आंबा मानत नाही. त्याच्यासाठी मी चिंचेच्या साखर-मीठ-मिरची लावलेल्या गोळ्या घेते. शाळेच्या फाटकाबाहेर घेतलेली चव चाळिशीतही तोंडाला पाणी आणते आणि तिथे कुणी प्रांताभिमान मध्ये आणत नाही.

वसईच्या सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र मी हा नियम मोडते. फित्सानुलोककडची उन्हात वाळवलेली छोटी केळी, क्लुआय ताक, मधाने चकचकणारी, मी त्याच्यासाठीच घेते. वसईला राजेळी केळ्यांची सुकेळी करतात, आणि त्याच्या घरी ती अजून येतात. तो एक केळं उचलतो, सावकाश चावतो, खिडकीबाहेर बघतो आणि निकाल देतो, "ठीक आहे. पण आमच्या सुकेळ्यांची सर नाही." मग पाकीट स्वतःच्या डब्याशेजारी सरकवून ठेवतो. दुपारी चहाला तो एकटाच उशिरा येतो, बोटं चिकट असतात.