गढूळ पाण्याचें सरोवर

प्रेअरी प्रांत म्हटला कीं गहू, गवत आणि कोठेंहि न अडणारें क्षितिज, एवढेंच चित्र शालेय भूगोल डोळ्यांपुढें उभें करतो. परंतु कॅनडांतील मॅनिटोबा प्रांताचा नकाशा पसरून पाहावा, तों त्यावर निळ्या रंगाचे इतके डाग, कीं नकाशा काढणाराच्या हातून दौतच कलंडली असावी! लहानमोठीं मिळून लाखावर सरोवरें येथें आहेत, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. आमचे चिरंजीव विनिपेग शहरीं नोकरीस असल्यामुळें आम्हां उभयतांस तेथें एक उन्हाळा व एक हिंवाळा काढण्याचा योग आला, आणि त्यांतील बराच काळ आम्हीं पाण्याच्या कांठींच घालविला.

विनिपेग सरोवराचें क्षेत्रफळ सुमारें 24,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपले साडेसहा गोवे त्यांत सहज मावतील. मात्र खोली बेताची, सरासरीनें अवघी 12 मीटर. त्यामुळें वारा सुटला कीं तळ ढवळून निघतो. क्री लोकांच्या भाषेंत 'विनिपेग' या शब्दाचा अर्थच मुळीं गढूळ पाणी असा आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाचें 'अगासी' नांवाचें एक महासरोवर या प्रदेशावर पसरलें होतें. तें रितें झालें, तेव्हां तळाशीं उरलेलें पाणी म्हणजे विनिपेग, विनिपेगोसिस व मॅनिटोबा हीं सरोवरें, आणि उघडा पडलेला गाळ म्हणजे गव्हाची ती प्रसिद्ध काळी जमीन.

या सरोवरास दक्षिणेकडून रेड रिव्हर मिळते. काशीस गंगा उत्तरवाहिनी झाली म्हणून आपण तें स्थान विशेष पवित्र मानतों. येथें तोच गुण गांवाच्या मुळावर येतो. वसंतांत दक्षिणेचें बर्फ आधीं वितळतें आणि उत्तरेकडील मुख अद्याप गोठलेलें असतें. मग पाण्यानें जावें कोठें? 1950 सालच्या पुरांत शहरांतील सुमारें एक लाख माणसांस घरें सोडावीं लागलीं. पुढें 1962 ते 1968 या काळांत शहरास वळसा घालणारा 47 किलोमीटरांचा कालवा खोदण्यांत आला. डफ रॉब्लिन या मुख्यमंत्र्यांनीं तो हट्टानें खोदविला, म्हणून लोक थट्टेनें त्यास 'डफचा चर' म्हणत. 1997 च्या महापुरांत शहर त्या चरामुळेंच वांचलें. तेव्हांपासून थट्टेचा सूर बदलला.

आतां मासे. आम्ही स्वतः शाकाहारी, तरी डोळ्यांस कोणता निषेध आहे? येथील एका माशास 'गोल्डआय' म्हणतात. नांव ऐकतांच आमच्या संस्कृतानें उचल खाल्ली: हा तर साक्षात् हिरण्याक्ष! पृथ्वीस पाण्यांत ओढून नेणारा तो दैत्य येथें धूर देऊन, तांबडा रंगवून ताटांत वाढतात.

परंतु खरें कौतुक हिंवाळ्यांतील मासेमारीचें. सरोवरावर हातभर जाडीचा बर्फ, हवा शून्याखालीं तीस अंश, आणि त्या बर्फाखालीं जाळें पसरावयाचें! कोळी एक भोंक पाडतो व त्यांतून पुरुषभर लांबीची एक लांकडी फळी आंत सोडतो. ती तरंगून बर्फाच्या पोटास चिकटते. तिला लोखंडी टोंकाचा एक दांडा खिळलेला असतो. दोर ओढला कीं टोंक बर्फांत रुततें व फळी वीतभर पुढें सरकते. सैल सोडला कीं दांडा पुन्हा खालीं पडतो. एक जण दोर ओढतो. दुसरा वरून कान देऊन फळीची टकटक ऐकत चालतो आणि ती थांबेल तेथें दुसरें भोंक पाडतो. मग दोरास जाळें बांधून ओढून घ्यावयाचें. यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्या हातांनीं घडविलेली ही युक्ति पाहून आमची मान डोलली.

या कांठीं गिमली गांवीं आइसलंडी लोकांची जुनी वस्ती आहे. ते 21 ऑक्टोबर 1875 रोजीं, हिंवाळा तोंडावर असतां, येथें उतरले. गिमली म्हणजे त्यांच्या पुराणांतील प्रलयोत्तर पुण्यवंतांचें सुवर्णछताचें दालन. पुढच्याच वर्षीं या दालनांत देवी शिरल्या. शंभरावर आइसलंडी दगावले, आणि शेजारच्या मूळ रहिवाशांची तर वाताहत झाली. तरीहि 1877 सालीं या लोकांनीं स्वभाषेंत वर्तमानपत्र काढलें! भाषेवरील असा लोभ आम्हां मास्तरांस विशेष भावणारच.

आज मात्र सरोवराची प्रकृति बरी नाहीं. चार प्रांत व अमेरिकेंतील चार संस्थानें यांतील पाणी येथें येतें. शेतांचें खत, गुरांचें शेण व शहरांचें सांडपाणी यांतील फॉस्फरस त्याबरोबर येतो, आणि उन्हाळ्यांत पाण्यावर हिरवें शेवाळ दाटतें. 2013 सालापासून 'झेब्रा' नांवाच्या परकी शिंपल्यांचीहि भर पडली आहे.

उत्तरेस तर याहून कठीण प्रसंग गुदरला. तेथें साउथ इंडियन लेक नांवाचें सरोवर आहे (दक्षिण भारताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं!). त्याच्या कांठचे क्री लोक उत्तम प्रतीच्या व्हाइटफिश माशांवर सुखानें जगत. 1976 सालीं विजेसाठीं चर्चिल नदीचें पाणी नेल्सन नदीकडे वळविलें, तेव्हां सरोवराची पातळी सुमारें तीन मीटर चढली. कांठ ढासळले, पाणी गढुळलें, माशांत पारा वाढला, आणि मासेमारी बसली. वळविलेलें तें पाणी नेल्सनवरील विद्युत्केंद्रांतून जातें, आणि तेथील वीज तारांवरून शेंकडों मैल दक्षिणेस विनिपेगला येते. चिरंजीवांच्या घरीं सकाळचें चहाचें आधण आम्ही तिच्यावरच ठेवीत असूं.