दुकानाचा मायना

जुन्या दप्तरांतील मोडी कागद चाळताना मला मजकुराहून अधिक मोह पडतो तो मायन्याचा. समोरचा गृहस्थ तीर्थरूप की चिरंजीव, राजश्री की वेदशास्त्रसंपन्न, याचा निवाडा झाल्याखेरीज कारकुनाची लेखणी कामाच्या गोष्टीकडे वळतच नसे, आणि पत्र संपले की त्यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये म्हणून अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटत असे. कोणास कसे लिहावे हे शिकविणारी मेस्तके आपल्याकडे पूर्वापार आहेत, त्यांतले एक तर यादवकालीन हेमाद्रीच्याच नावावर सांगतात. तेव्हा व्यापाऱ्यांसाठी समाजमाध्यमांवरील लेखनाची नियमपुस्तिका, म्हणजे आमच्या धंद्यातले ‘ब्रँड गाइड’, तयार करून देणे हा माझा चरितार्थ झाला, त्या वेळी आपण काही अपूर्व करीत आहोत असा भ्रम मला झाला नाही.

कोल्हापुरातील एका मसाल्याच्या दुकानाचे काम माझ्याकडे आले ते अराजकातूनच. दुकान तिसऱ्या पिढीचे, माल एकच नामांकित, कांदा-लसूण मसाला. परंतु इन्स्टाग्रामवर लिहिणारे हात तीन. पुतण्या ‘हाय फ्रेंड्स’ने आरंभ करी, सूनबाई ‘मैत्रिणींनो’ म्हणत, आणि सणासुदीला स्वतः मालक जो मजकूर सांगत त्याच्या शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’ असे. एकाच उंबऱ्यातून तीन यजमान एकाच वेळी स्वागताला धावावेत आणि पाहुण्याला चप्पल कोठे काढावी हे कळू नये, तशी वाचकाची गत होती.

मी चार दिवस गल्ल्याशेजारी स्टूल टाकून नुसता बसलो. या कामात मी जे काही शिकलो आहे ते बहुतेक अशा बसण्यातून. कंपनीची ‘मूल्ये’ विचारणाऱ्या छापील प्रश्नावल्या मी केव्हाच अडगळीत टाकल्या आहेत. मालक ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्तम’, ‘अस्सल’ यांपैकी एकही शब्द दिवसभरात उच्चारीत नसत. गिऱ्हाईक घुटमळले की चिमूटभर मसाला त्याच्या तळहातावर ठेवून ते एवढेच म्हणत, “वास घ्या की वहिनी. यंदा ब्याडगी महाग हाय, पण कमी न्हाई केली.” माझ्या पुस्तिकेचे पहिले कलम त्या वाक्यातून उतरले: आपल्या मालाची स्तुती करू नये, मिरची कोणती, कांदा कसा वाळवला, कांडप कधी झाले, ते सांगावे. दुसरे कलम संबोधनाचे. ‘तू’ला मज्जाव, कारण दुकानात तो कोणी कोणाला म्हणत नाही, आणि ‘आपण’लाही, कारण त्या एका सर्वनामाने पेढीची कचेरी होते. राहिले ‘तुम्ही’.

रंगाचा वाद मात्र आठवडाभर चालला. ‘मसाल्याचा लाल’ हवा यावर सर्वांचे एकमत; पण कोणता लाल? मालकांनी मूठभर मसाला कागदावर आणून संगणकाच्या पडद्याशेजारी धरला, पुतण्याने बरणीतला जुना, तपकिरीकडे झुकलेला आणला. अखेर कांडपावरून त्याच दिवशी उतरलेल्या मसाल्याचा रंग मुक्रर झाला. त्यावर काळी अक्षरे घालण्याची मालकांची हौस मला मोडावी लागली. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान 4.5 : 1 एवढे प्रमाण असावे असा सुवाच्यतेचा जागतिक संकेत आहे, आणि गडद लालावर काळे तेथवर पोहोचत नाही.

अक्षरांविषयी मी थोडा हट्टी आहे, हे कबूल. ‘कांदा-लसूण मसाला’ या नावात ‘ल’ दोनदा येतो, आणि मराठी डोळ्याला सवयीचा पाकळीचा ‘ल’ सोडून पुष्कळसे फॉन्ट हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ देतात. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयानेही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले आहेत. टिरो देवनागरी या फॉन्टची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच मिळते. लांब मजकुराला मी ती नेमून दिली. पोस्टची चित्रे करणाऱ्या मुलाने एका इंग्रजी पुस्तिकेतून अक्षरांमधले अंतर वाढविण्याचा नियम जसाच्या तसा उचलला होता, त्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटून दोरी काढून घेतलेल्या वाळवणासारखी अक्षरे लोंबत होती. त्या पानावर मी लाल शाईने लिहिले: देवनागरीत अक्षरांमधले अंतर शून्य, मोकळीक हवी तर ती ओळींमध्ये द्यावी, कारण मात्रा, रफार आणि उकार यांना वरखाली जागा लागते.

आणि तरीही फजिती व्हायची ती झालीच. ‘लग्नाच्या आचाऱ्यांचा आवडता मसाला’ असे लिहून दिलेले वाक्य चित्रात उतरताना ‘आचार्यांचा’ झाले. एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी खाली विचारले की हे आचार्य कोणत्या मठाचे, आणि त्यांना तिखट चालते काय? साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठराही नियम मी पुस्तिकेच्या परिशिष्टात भक्तिभावाने जोडले होते. या अर्ध्या ‘र’साठी स्वतंत्र ओळ घालायला विसरलो होतो.

लांबीरुंदीचे तपशील (उभे चित्र 1080 गुणिले 1350 पिक्सेल, खालच्या मजकुराची मर्यादा 2,200 अक्षरचिन्हे) दर दोन वर्षांनी शिळे होतात, म्हणून त्यांचा कागद मी सुटा ठेवतो.

याहून बोचरी चूक वेगळीच होती. ‘चटका बसलाच पाहिजे!’ ही विनोदी पोस्ट आठ दिवस आधी वेळ लावून ठेवलेली; ती निघाली त्याच संध्याकाळी गावातल्या एका गोदामाला आग लागली होती. वीस मिनिटांत ती काढली, पण तेवढ्यात ज्यांनी पाहायची त्यांनी ती पाहिली. दोष माझा होता: काय लिहावे हे मी पाने भरभरून सांगितले होते, थांबवायचे कोणी याचा उल्लेखच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक पोस्ट सुटण्यापूर्वी सूनबाईंचा ‘होय’ लागतो. पुस्तिकेत त्या कलमाचे नाव ‘मोर्तब’ आहे.

तक्रारींच्या उत्तराचे पान मी तीनदा लिहिले. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या थाटाचे माझे तिन्ही मसुदे मालकांनी चष्मा पुसून वाचले आणि परत केले. तेवढ्यात दुकानाच्या फोनवर कोणा बाईंचा निरोप आला, मसाला मागच्या खेपेसारखा नाही म्हणून. मालकांनी सूनबाईंना उत्तर सांगितले, आणि ते मी त्या पानावर जसेच्या तसे उतरवून घेतले: “पुडी घेऊन या. दोघं मिळून वास बघू.”